ट्रक जळतो मालकाचा, मरतो कोण?

"काका, नक्षलवादी निदान गरिबांसाठी लढतात तरी. आपण नुसते मोर्चे काढतो!" कल्याण-शीळ रस्त्यावर चहा पिताना एका तरुण कार्यकर्त्याने मला सुनावले. समोर मालाच्या ट्रकांची रांग लागलेली. मी त्याला १ मे २०१९ ची आठवण दिली.

महाराष्ट्र दिन आणि कामगार दिनही. त्या पहाटे गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे नक्षलवाद्यांनी महामार्गाच्या कामावरची पंचवीसेक वाहने जाळली. तिकडे निघालेल्या पोलिसांची गाडी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाने उडवली. १५ जवान ठार झाले. सोळावा होता ड्रायव्हर. गाडी खासगी होती, सुरुंगाला तोंड देणारी नव्हती. आपल्या पोरांना तशा गाडीतून धाडणाऱ्यांनाही जाब विचारलाच पाहिजे. पण मेले कोण? गडचिरोली, भंडारा, बुलढाण्याची, नोकरीसाठी वर्दी घातलेली बहुजनांची पोरे. कंत्राटदाराच्या यंत्रांना विमा असतो. ड्रायव्हरच्या बायकोने कोणाकडे बघायचे?

बरे, ट्रक जाळून खाण तरी थांबली का? डिसेंबर २०१६ मध्ये सुरजागडला लोहखनिजाचे पाऊणशेच्या आसपास ट्रक एका दिवसात जाळले. आज तिथून खनिज पूर्वीपेक्षा जोरात जाते. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा बडा नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रे खाली ठेवली.

त्याच जिल्ह्यातले मेंढा-लेखा बघा. या गोंड आदिवासींच्या गावाने वनहक्क कायद्याने २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. वनखाते बांबूचा वाहतूक परवाना देईना. गाव अडून बसले. २०११ मध्ये खुद्द केंद्रीय मंत्री जयराम रमेश परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला आले. तिथेही ट्रकच होते, पण ग्रामसभेच्या सहीने बाहेर पडणारे! बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत रक्तरंजित मार्ग सोडा म्हणून बजावले, ते भित्रेपणाने नव्हे.

"पण सरकार आपल्यालाच नक्षलवादी म्हणते," तो म्हणाला. खरे आहे. भीमा-कोरेगावनंतर जानेवारी २०१८ मध्ये एटीएसने कल्याण स्थानकातून आणि घाटकोपरच्या वस्त्यांतून तेलंगणातून पोटासाठी आलेल्या कामगारांना माओवादी म्हणून उचलले, तेव्हा आपल्या प्रत्येक वस्तीकडे संशयाने बघितले गेले. तिकडे जळणाऱ्या ट्रकचा धूर इथे आपल्या डोळ्यांत जातो, तो असा.

आणि ट्रक न जाळताही काय होते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? ११ जुलै १९९७. ठाण्याकडे येणाऱ्या याच पूर्व द्रुतगती महामार्गालगत रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव दलाने गोळ्या झाडल्या. दहा भीमसैनिक गेले. पोलिसांनी कारण सांगितले, जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता! गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली जायला २००९ साल उजाडले, आणि ती वस्ती तोपर्यंत कोर्टाच्या पायऱ्या चढत होती.