झुडपी वनातील राखी तित्तिर

चेन्नई महानगराने वेढलेल्या गिंडी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ जेमतेम २.७ चौरस किलोमीटर आहे. येथील शुष्क सदाहरित झुडपी वनात राखी तित्तिर आढळतो. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘पाँडिसेरिअनस’ हा शब्द पुदुच्चेरीवरून आला आहे. हा पक्षी संकटसमयी उडण्याऐवजी बहुधा धावत झुडपात शिरतो. बिया, वाळवी व इतर कीटक हे त्याचे खाद्य होय. मादी जमिनीवरील उथळ खळग्यात साधारणतः ६ ते ८ अंडी घालते. रात्री मात्र हे पक्षी काटेरी झुडपांवर विसावतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्याच्या शिकारीस बंदी आहे. तथापि, झुडपी जमीन ‘पडीक’ समजून साफ केल्यास त्याचे अन्न, घरटे व निवारा एकाच वेळी नष्ट होतात. म्हणूनच शिकारबंदीइतकेच अधिवासाचे रक्षणही महत्त्वाचे ठरते.