बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ ऐकून लोक नेमके कशावरून भांडले?

११ फेब्रुवारी २०२४. अमेरिकेत सुपर बोलचा सामना रंगात आला होता. मध्येच एका जाहिरातीत बियॉन्से दिसली आणि त्याच रात्री तिची दोन नवी गाणी आली, ‘टेक्सास होल्ड एम’ आणि ‘सिक्स्टीन कॅरिजेस’. पहिल्या गाण्याची सुरुवातच बँजोने होते. २०२२ च्या ‘रेनेसाँ’ अल्बममधून जगाला डान्स फ्लोअरवर नाचवणारी गायिका आता काउबॉय हॅट घालून कंट्री गात होती. सोशल मीडियावर राडा तर होणारच होता.

काही दिवसांतच ओक्लाहोमा राज्यातल्या एका छोट्या रेडिओ स्टेशनची चर्चा सुरू झाली. एका श्रोत्याने ‘टेक्सास होल्ड एम’ लावा अशी फर्माईश पाठवली होती. स्टेशनने कळवलं, आम्ही बियॉन्से लावत नाही, आमचं कंट्रीचं स्टेशन आहे. हे उत्तर व्हायरल झालं, चाहत्यांनी स्टेशनला फोन आणि मेल करून हैराण केलं, आणि शेवटी गाणं वाजलं.

२९ मार्च २०२४ ला ‘काउबॉय कार्टर’ हा २७ ट्रॅकचा अल्बम आला आणि वाद आणखी पेटला. पण त्या सगळ्या कमेंट्स नीट पाहिल्या, तर एक गोष्ट लक्षात येते. भांडणारे लोक एकाच प्रश्नावर भांडत नव्हते. प्रश्न तीन होते. अल्बम चांगला आहे का? तो कंट्री आहे का? आणि बियॉन्सेने कंट्री गावं का? उत्तर एका प्रश्नाचं द्यायचं आणि राग दुसऱ्याचा काढायचा, असं चाललं होतं. म्हणून हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे करून बघू.

पहिला प्रश्न : अल्बम आवडला का?

इथे मतं दोन्ही बाजूंनी होती आणि ते साहजिक आहे. अनेकांना तिच्या आवाजाच्या थरांवर थर चढवण्याच्या पद्धतीने वेड लावलं. काहींना २७ ट्रॅक म्हणजे फारच लांबण वाटली.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती ‘जोलीन’ची. डॉली पार्टनचं मूळ गाणं १९७३ चं. त्यात एक बाई दुसरीला विनवते, माझ्या माणसाला माझ्यापासून तोडू नकोस. बियॉन्सेने शब्द बदलले आणि विनवणीच्या जागी सरळ धमकी आली. एका गटाचं म्हणणं, गाण्याचा जीवच त्या असहायतेत होता, तोच गेला. दुसऱ्या गटाचं म्हणणं, जसंच्या तसं गायचं असेल तर नवं गाणं कशाला? स्वतः डॉली पार्टन यांनी मात्र या बदलाचं जाहीर कौतुक केलं.

हा आवडीनिवडीचा वाद आहे आणि तो कुठल्याही अल्बमवर होऊ शकतो.

दुसरा प्रश्न : हे कंट्री आहे का?

कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या ग्रामीण जीवनातून आलेलं संगीत. गिटार, बँजो, फिडल ही वाद्यं आणि गाण्यातून सांगितलेली साधी गोष्ट. टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल हे शहर त्याची राजधानी समजलं जातं.

‘काउबॉय कार्टर’मध्ये हे सगळं आहे, पण तेवढंच नाही. त्यात रॅप आहे, रॉक अँड रोल आहे, गॉस्पेल आहे, ऑपेराच्या ढंगाचा एक तुकडासुद्धा आहे. त्यामुळे जुन्या वळणाचं कंट्री ऐकणाऱ्यांनी ‘हे कंट्री नाही’ म्हटलं, तर त्यात तथ्य होतं. गंमत म्हणजे बियॉन्सेनेही अल्बम यायच्या आधी इन्स्टाग्रामवर हेच सांगितलं होतं, की हा कंट्री अल्बम नाही, बियॉन्सेचा अल्बम आहे.

पण इथे एक मेख आहे. आजच्या गोऱ्या कंट्री गायकांच्या गाण्यांतही रॅपचे ठेके आणि पॉपचे बीट सर्रास असतात. ती गाणी कंट्री स्टेशनवर बिनदिक्कत वाजतात. मग चाळणी एकीलाच का? या शंकेतून तिसरा प्रश्न पुढे येतो.

तिसरा प्रश्न : तिने कंट्री गावं का?

बियॉन्से ही ‘बाहेरची’ आहे, हे वाक्य त्या दिवसांत खूप फिरलं. वास्तविक तिचा जन्म टेक्सासमधल्या ह्यूस्टनचा आणि वडील अलाबामाचे. तिथल्या रोडिओच्या वार्षिक सोहळ्यात ती तरुणपणी अनेकदा गायली आहे. मग ती बाहेरची कशी?

उत्तर शंभर वर्षं मागे आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांनी दक्षिणेतल्या संगीताचे विक्रीसाठी दोन कप्पे केले. कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्ड ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हणून आणि गोऱ्यांच्या ‘हिलबिली’ म्हणून विकल्या जायच्या. प्रत्यक्षात दोन्हीकडचे वादक एकमेकांचं ऐकत होते, एकमेकांकडून शिकत होते. पण दुकानातला कप्पा कातडीच्या रंगावरून ठरला. पुढे ‘हिलबिली’चं नाव कंट्री झालं आणि ‘रेस’चं रिदम अँड ब्लूज. नावं बदलली, भिंत तशीच राहिली.

ज्या बँजोला आज कंट्रीची ओळख मानतात, तो पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवलेल्या वाद्यातून आला. ‘टेक्सास होल्ड एम’मध्ये बँजो वाजवणाऱ्या रिआनन गिडन्स अनेक वर्षं हाच इतिहास मांडत आल्या आहेत.

बियॉन्सेलाही या भिंतीचा अनुभव आधी आला होता. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिने कंट्री म्युझिक असोसिएशन म्हणजे सीएमएच्या पुरस्कार सोहळ्यात ‘डॅडी लेसन्स’ हे गाणं गायलं. त्यानंतर ‘हिला इथे कोणी बोलावलं?’ अशा सुराच्या कमेंट्सचा पाऊस पडला. हा नवा अल्बम काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका अनुभवातून जन्मला, असं तिने २०२४ मध्ये सांगितलं. तेव्हा आपलं स्वागत झालं नाही, असं तिला वाटलं होतं.

मग सगळे कृष्णवर्णीय श्रोते तिच्या बाजूने होते का?

नाही, आणि ही बाजू आपल्याकडच्या बातम्यांत फारशी आली नाही. कव्हरवर ती पांढऱ्या घोड्यावर बसून अमेरिकेचा झेंडा घेऊन दिसते. ज्या देशाने आपल्या पूर्वजांना गुलाम केलं त्याचा झेंडा असा मिरवायचा का, असं काहींनी विचारलं. दुसरा आक्षेप असा, की मिकी गायटनसारख्या कृष्णवर्णीय गायिका वर्षानुवर्षं नॅशव्हिलमध्ये झगडत होत्या, तेव्हा कॅमेरे कुठे होते?

अल्बममध्ये या दुसऱ्या आक्षेपाचं थोडंफार उत्तर सापडतं. ‘ब्लॅकबर्ड’ या बीटल्सच्या गाण्यात तिने टॅनर एडेल, ब्रिटनी स्पेन्सर, टिएरा केनेडी आणि रेना रॉबर्ट्स या चार तरुण कृष्णवर्णीय कंट्री गायिकांना सोबत घेतलं. लिंडा मार्टेल यांचा आवाजही अल्बममध्ये आहे. १९६९ मध्ये नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या मानाच्या मंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ती हीच. १९७० मध्ये त्यांचा अल्बम आला आणि काही वर्षांतच त्यांची कारकीर्द थांबली.

शेवटी निकाल काय लागला?

श्रोत्यांचा निकाल लगेच लागला. ‘टेक्सास होल्ड एम’ बिलबोर्डच्या हॉट कंट्री साँग्स यादीत पहिलं आलं. हा मान मिळवणारी बियॉन्से पहिली कृष्णवर्णीय स्त्री. या यादीत स्ट्रीमिंग, विक्री आणि रेडिओ असं सगळं मोजलं जातं. पण फक्त कंट्री रेडिओ मोजणाऱ्या यादीत तेच गाणं पहिल्या तिसांतही पोहोचलं नाही. म्हणजे जिथे श्रोता स्वतः बटण दाबतो तिथे ते जिंकलं. जिथे गाणं कोण लावणार हे स्टेशन ठरवतं, तिथे ते मागे राहिलं.

सप्टेंबर २०२४ मध्ये सीएमएची नामांकनं आली. बियॉन्सेला एकही नाही. रॅप-पॉपमधून त्याच वर्षी कंट्रीत आलेल्या पोस्ट मलोनला मात्र चार. इथे श्रोत्यांचा राग पुन्हा उसळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीने उलट कौल दिला. ‘काउबॉय कार्टर’ सर्वोत्तम कंट्री अल्बम ठरला आणि अल्बम ऑफ द इयरसुद्धा. कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार.

काही महिन्यांतच ग्रॅमीने कंट्री अल्बमच्या पुरस्काराचे दोन भाग केले, पारंपरिक आणि समकालीन. ही मागणी जुनीच होती, असं आयोजकांचं म्हणणं. बियॉन्से जिंकली म्हणून कप्पे बदलले, असं तिच्या चाहत्यांचं.

याने फरक कोणाला पडतो?

बियॉन्सेला रेडिओने वाजवलं नाही तरी तिचं काही अडत नाही. अडतं ते ज्यांच्यामागे कोट्यवधी चाहते नाहीत त्यांचं. नव्या कंट्री गायकाला रेडिओनेच ओळख मिळते, त्यातूनच कार्यक्रम मिळतात. शाबूझी हा गायक ‘काउबॉय कार्टर’मधल्या दोन ट्रॅकवर आहे. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याच्या ‘अ बार साँग’ने कंट्री यादीत ‘टेक्सास होल्ड एम’ची पहिली जागा घेतली. पुढे ते मुख्य हॉट १०० यादीत १९ आठवडे पहिलं राहिलं आणि कंट्री रेडिओवरही पहिलं आलं. त्याच्या यशाचं सगळं श्रेय बियॉन्सेला देता येणार नाही, पण दार किलकिलं झालं होतं हे नक्की.

एखाद्या गायकाने वळण बदललं की आपणही पटकन मत देतो. ‘हे तिला शोभत नाही’ हे त्यातलं सगळ्यात सोपं वाक्य. ते टाइप करण्याआधी एवढंच तपासायचं, की आपल्याला गाणं आवडलेलं नाही, की गाणारी तिथे असणं आवडलेलं नाही. पहिल्यावर वाद घालायला मजा येते. दुसऱ्याची किंमत लिंडा मार्टेल यांनी मोजली आहे.

तुम्ही ‘काउबॉय कार्टर’ ऐकला असेल, तर या तीनपैकी कोणत्या प्रश्नावर तुमचं काय मत आहे?