फाशी खरंच स्वस्त पडते का?

मोठा गुन्हा घडला की आमच्या धाराशिवात चहाच्या टपरीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत एकच वाक्य फिरतं, "कशाला पोसायचं आपल्या टॅक्सवर? लटकवा ना!" मीही हे म्हटलंय. म्हणून आज जरा हिशोबच मांडू.

खरा खर्च जेलमधल्या भाकरीचा नसतो, खात्री करून घेण्याचा असतो. समजा, धाराशिवच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली. आरोपी अपिलात जावो न जावो, उच्च न्यायालयानं शिक्षा कायम केल्याशिवाय ती देताच येत नाही. म्हणजे फाइल औरंगाबाद खंडपीठाकडे. पुढे सुप्रीम कोर्ट, पुनर्विचार याचिका, दयेचा अर्ज. आरोपी गरीब असेल तर दोन्ही बाजूंच्या वकिलांचे पैसे सरकारचेच. तोवर जेल चालूच.

कोल्हापूरच्या गावित बहिणींचं बघा. मुलं पळवून मारल्याबद्दल 2001 मध्ये फाशी, 2006 मध्ये सुप्रीम कोर्टात कायम. दयेचा अर्ज राष्ट्रपतींनी फेटाळला 2014 मध्ये. नुसत्या फायली हलायला सात वर्षं लागली, म्हणून 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. म्हणजे फाशीच्या प्रक्रियेचा खर्च झाला, वर पंचवीस वर्षांच्या जेलचाही.

मग कोर्टाच्या पायऱ्याच कमी करायच्या का? थांबा. 2003 मध्ये नाशिक जिल्ह्यात दरोडा, बलात्कार आणि खून झाले. भटक्या समाजातल्या सहा जणांना पकडलं. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना फाशी दिली. पुढे त्याच कोर्टानं पुनर्विचार केला. साक्षीदार बाईनं पोलिसांच्या अल्बममधून वेगळेच चार जण ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता! मार्च 2019 मध्ये सहाही निर्दोष सुटले. राज्य सरकारनं प्रत्येकाला 5 लाख द्यावेत, असा आदेश झाला. सोळा वर्षांच्या बदल्यात.

'लगेच लटकवा' ऐकलं असतं, तर हे पाच लाख कुणाला दिले असते?

बरं, एवढ्या खर्चातून समाजाला मिळतं काय? जन्मठेपेपेक्षा फाशीचा धाक जास्त बसतो याला पुरावा नाही, असं विधी आयोगानं 2015 च्या अहवालात म्हटलं आणि दहशतवाद, देशाविरुद्ध युद्ध असे गुन्हे सोडून फाशी बंद करा, अशी शिफारस केली.

माझ्या मते फायली रखडण्यावरचा खर्च वाया जातो, तो वाचवाच. पण खात्री करण्यावरचा एक रुपयाही कमी करू नका. आम्ही सॉफ्टवेअरवाले चुकलं तर दुसऱ्या दिवशी अपडेट टाकतो. इथं ती सोय नाही.

तुमचं मत पटण्यासारखं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवू!