‘सीपीयू’ किलोवर देताय? आधी आतला प्रोसेसर चालतोय का ते बघा

भंगारवाल्याच्या टेम्पोत हल्ली लोखंड-प्लास्टिकबरोबर कॉम्प्युटरचे डबेही दिसू लागले आहेत. शाळेची जुनी लॅब, ग्रामपंचायतीचा बंद संच, पोराच्या कॉलेजसाठी घेतलेलं मशीन, सगळं एकाच काट्यावर चढतं. किलोचा भाव लागतो आणि व्यवहार संपतो. त्यातला कुठला भाग चालू होता, हे कुणी बघतच नाही.

आपल्याकडे त्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणायची सवय आहे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा डब्याच्या आत पंख्याखाली बसलेला छोटा चौकोनी तुकडा असतो. इंटेल कंपनीचा नेहमीचा प्रोसेसर साधारण पावणेचार सेंटिमीटरचा. सगळा हिशोब हाच तुकडा करतो. काट्यावर मात्र त्याला पत्र्याचाच भाव मिळतो.

मशीन बंद, म्हणजे प्रोसेसर गेला असं नाही

विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही तर आपण आधी फ्यूज, स्टार्टर आणि केबल बघतो. लगेच मोटर भंगारात घालत नाही. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. बहुतेक वेळा वीजपुरवठ्याचा डबा (एसएमपीएस), मदरबोर्ड, रॅम किंवा हार्डडिस्क खराब झालेली असते. प्रोसेसरमध्ये हलणारा भाग नसतो, त्यामुळे तो सहसा सगळ्यात शेवटी जातो. मदरबोर्ड जळालेल्या डब्यातही चांगला प्रोसेसर सापडू शकतो.

सध्या असे डबे जास्त निघण्यामागे एक कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू मशीनही ‘जुनं झालं’ म्हणून बाजूला पडतंय. पण लिनक्स ही मोफत प्रणाली जुन्या मशीनवरही चालते. केरळच्या सरकारी शाळांत अशीच मुक्त प्रणाली वापरून शिकवलं जातं.

पहिलं काम : प्रतवारी

चाळीतला कांदा काढल्यावर मोठा माल, गोल्टी, चिंगळी वेगळी करतात आणि सडका बाजूला टाकतात. प्रोसेसरचंही तसंच करायचं. झाकणावर कंपनीचं नाव आणि नंबर छापलेला असतो. पेस्टखाली तो झाकलेला असेल तर आधी पुसून घ्या.

इंटेलच्या नंबरावरून पिढी कळते. ‘आय५-३४७०’ मधला पहिला आकडा ३, म्हणजे तिसरी पिढी. ‘आय५-१०४००’ असेल तर दहावी. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचे प्रोसेसर ११५५ नावाच्या सॉकेटात बसतात. चौथ्या पिढीला ११५० सॉकेट लागतं. सहावी ते नववी पिढी ११५१ मध्ये बसते, पण इथं एक मेख आहे. आठव्या-नवव्या पिढीचा प्रोसेसर सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डावर चालत नाही. खाचेत बसला म्हणजे चालेलच, असं धरून चालू नका.

मग दिसण्यावरून तीन ढीग करा :

१. स्वच्छ, न घासलेले आणि नंबर वाचता येणारे. हे चाचणीला जातील.

२. पिना वाकलेले किंवा खालचे ठिपके मळलेले. हे साफ करून, सरळ करून मग चाचणीला.

३. तडा गेलेले, काळा डाग पडलेले, कोपरा तुटलेले किंवा पिना गळालेले. हे थेट पुनर्चक्रणाला.

इंटेलच्या २००४ नंतरच्या डेस्कटॉप प्रोसेसरना खाली पिना नसतात, सपाट सोनेरी ठिपके असतात. पिना बोर्डावर असतात. एएमडी कंपनीच्या एएम४ आणि त्याआधीच्या बहुतेक प्रोसेसरना मात्र पिना प्रोसेसरलाच असतात. असे प्रोसेसर पोत्यात टाकले की पिना वाकल्याच समजा. वाकलेली पिन पेन-पेन्सिलचं पोकळ टोक अडकवून हळूहळू सरळ करता येते. घाई केली तर तुटते.

एएमडीचा पंखा काढताना सरळ वर ओढू नका. पेस्ट सुकलेली असते आणि पंख्याबरोबर प्रोसेसरही उपटून येतो. मशीन चालू होत असेल तर थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा, मग पंखा हलका फिरवत सोडवा.

दुसरं काम : चाचणी

पेरणीआधी सोयाबीनचे १०० दाणे गोणपाटात ठेवून उगवण बघतात. दाणा दिसायला टपोरा असला तरी उगवेल याची खात्री नसते. प्रोसेसरही नुसता बघून चालू-बंद कळत नाही. तालुक्याच्या ठिकाणी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याकडे चालू बोर्ड असतो, त्यावर ही चाचणी होते. कशी होते ते आपल्यालाही माहीत हवं.

आधी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडानं पुसायची. पाणी किंवा रॉकेल वापरायचं नाही. प्रोसेसर नेहमी कडेनं धरायचा, खालच्या ठिपक्यांना बोट लावायचं नाही. अंगातल्या स्थिर विजेनंही तो खराब होऊ शकतो, म्हणून आधी मशीनच्या उघड्या धातूच्या सांगाड्याला हात लावून घ्यायचा.

बोर्डावरची आणि प्रोसेसरवरची त्रिकोणी खूण जुळवून तो नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. नवी पेस्ट, वर पंखा, मगच वीज. पंख्याशिवाय चालू केला तर काही सेकंदांत तापतो.

स्क्रीनवर बायोस उघडलं आणि त्यात प्रोसेसरचं नाव बरोबर आलं की पहिली परीक्षा पास. स्क्रीन काळीच राहिली तर लगेच ‘मेला’ म्हणू नका. इंटेलच्या नंबराच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावावं लागतं. बोर्डाचं बायोस जुनं असलं तरीही नवा प्रोसेसर ओळखला जात नाही.

पुढची परीक्षा सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅमनं घेतात. त्यात दिसणारं नाव आणि झाकणावर छापलेलं नाव एकच हवं. जुन्या बाजारात हलक्या प्रोसेसरवर भारी नंबर छापून विकण्याचे प्रकार होतात, ते इथं उघडे पडतात. नंतर प्राइम९५ सारखा प्रोग्रॅम अर्धा तास चालवून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकतात. मशीन अडकलं किंवा आपोआप बंद-चालू झालं तर संशय घ्यायचा. तापमान ९० अंशांच्या पुढं गेलं तर आधी पंखा नीट बसलाय का ते बघायचं. रॅम सगळ्या खाचांत लावून बघणंही गरजेचं, कारण आजच्या प्रोसेसरमध्ये रॅम सांभाळणारा भाग आतच असतो.

पास झालेल्यावर तारीख आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी लावून तो स्थिर वीज रोखणाऱ्या पिशवीत ठेवायचा. शाळेत पेन्टियमची हळू मशीन असतील आणि बोर्ड ११५५ चा असेल, तर बंद पडलेल्या डब्यातला तिसऱ्या पिढीचा आय५ बसवून तीच मशीन वेगानं चालू शकतात. काही बोर्डांचं बायोस त्याआधी नवं करून घ्यावं लागतं.

मेलेल्या मालातलं ‘सोनं’

प्रोसेसरच्या ठिपक्यांवर आणि पिनांवर सोन्याचा मुलामा असतो, हे खरं. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये तो जास्त असायचा, म्हणून त्यांना भावही जास्त मिळतो. पण आजच्या एका प्रोसेसरमधलं सोनं मिलिग्रॅममध्ये मोजावं लागतं. बाकी तांबं, निकेल, सिलिकॉन आणि काचतंतूची पाटी.

मोबाइलवर व्हिडिओ बघून घरी ॲसिडमध्ये सोनं काढायचा नाद करू नका. त्या ॲसिडमधून निघणारा तपकिरी धूर फुफ्फुसात गेला तर त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो आणि जिवावर बेततो. उरलेलं ॲसिड ओढ्यात किंवा बांधाला ओतलं की तांबं, शिसं मातीत आणि विहिरीत उतरतं. पाटी जाळली तर डायऑक्सिनसारखे विषारी वायू निघतात. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादमध्ये असा कचरा जाळून त्याची राख रामगंगेच्या काठी पडली आणि प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. थोड्या सोन्यापायी गावचं पाणी घालवणं परवडणारं नाही.

ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार असा माल मोडून धातू काढणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मेलेले प्रोसेसर साठवून अशा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्या. सुट्या प्रोसेसरचा किलोचा भाव अख्ख्या डब्याच्या भावापेक्षा बराच जास्त असतो. म्हणून वेगळं काढणं फायद्याचंच.

शाळा आणि ग्रामपंचायतीनं हे करावं

सरकारी मशीन डेडस्टॉक रजिस्टरला चढलेलं असतं. निर्लेखनाची मंजुरी घेतल्याशिवाय ते विकता येत नाही. मंजुरीला पाठवण्याआधी प्रत्येक डबा उघडून त्यातला प्रोसेसर, रॅम, हार्डडिस्क यांची नंबरासह यादी करा आणि दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर लिलावाच्या दिवशी डबा तेवढाच भरतो, आतला प्रोसेसर आधीच गेलेला असतो. शाळा व्यवस्थापन समितीनं आणि ग्रामसभेनं ही यादी मागितली पाहिजे.

घरच्या मशीनबाबत एकच काळजी घ्या. प्रोसेसरमध्ये आपली माहिती साठत नाही, ती हार्डडिस्कमध्ये असते. आधार, बँक पासबुक, सातबारा यांच्या फायली नुसत्या डिलीट करून जात नाहीत. हार्डडिस्क काढून घ्या, मगच डबा काट्यावर चढवा.