घर दोघांचं, कागद कुणाचा?

दारावरच्या पाटीवर नवराबायको दोघांची नावं लावायची पद्धत आता बरीच रुळली आहे. येणारे-जाणारे कौतुक करतात, आपल्यालाही बरं वाटतं. पण मैत्रिणींनो, पाटी बाजारात करून मिळते. घराचा करारनामा होतो तो दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. त्यावर तुमचं नाव आहे का? “ते सगळं हेच बघतात,” असं म्हणून पान उलटू नका.

सरकारने आपल्या बाजूने काही गोष्टी केल्या आहेत. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली, तिचे पैसे थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागले. शहरातल्या संसाराला उपयोगी पडेल अशी दुसरी एक सवलत मात्र पुष्कळजणींना ठाऊकच नसते. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात राहतं घर फक्त बाईच्या नावाने खरेदी केलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळू लागली. चाळीस लाखांच्या घरामागे चाळीस हजार रुपये! स्वयंपाकघराच्या ओट्याचा खर्च त्यात भागावा. खरेदीत नवऱ्याचं नाव जोडलं की ही सूट गेली. असं घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही, अशी अट पूर्वी होती; ती २०२३ मध्ये निघाली.

आता सूट मिळते म्हणून घर बायकोच्या नावावर करायचं आणि कागद मात्र आपल्या कपाटात ठेवायचे, असेही नवरे असतात. ग्रामपंचायतीत बाई सरपंच आणि कारभार यजमानांचा, तसलाच हा प्रकार! पण १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बाईच्या नावची मालमत्ता पूर्णपणे तिचीच. तिच्या सहीशिवाय ती विकता येत नाही. म्हणून सही करण्याआधी कागद वाचा, एवढंच.

नोकरी करणाऱ्या मैत्रिणींनी पुढचं दोनदा वाचावं. कर्ज जास्त मिळावं म्हणून बँक दोघांचा पगार धरते आणि तुम्हाला सहकर्जदार करते. तुम्ही सह्या करता, हप्ता तुमच्याही पगारातून जातो. पण करारनाम्यात नाव नसेल, तर कागदोपत्री कर्ज तुमचं आणि घर एकट्या नवऱ्याचं! हप्ते थकले तर बँक तुम्हालाही धरणार, आणि उद्या वाद झालाच तर आपण पैसे भरले हे तुम्हालाच सिद्ध करत बसावं लागणार.

“मी नॉमिनी आहे ना,” असं कुणी म्हणेल. सोसायटीतली नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीने सांभाळणारी, मालकीण नव्हे. हिंदू कुटुंबात नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर बायको, प्रत्येक मूल आणि सासूबाई यांना सारखा वाटा मिळतो. दोन मुलं आणि सासूबाई असतील, तर तुमच्या वाट्याला चौथा हिस्सा! ऐकायला अभद्र वाटतं खरं, पण हे बोलणं नवराबायकोंनी धडधाकट असतानाच करायचं असतं.

विम्याचंही तसंच. १८७४ सालचा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा अजून लागू आहे. त्याखाली नवऱ्याने बायकोसाठी आयुर्विमा घेतला, तर ती रक्कम तिचीच राहते. नवऱ्याच्या सावकारांना सहसा त्यावर हात टाकता येत नाही. ज्यांच्या घरी धंदा आहे, उधारी-उसनवारी आहे, त्यांनी हे विसरू नये. पॉलिसी घेतानाच तसा वेगळा फॉर्म भरायचा असतो. एजंट आपणहून सांगेल याची वाट पाहू नका.

मग येत्या रविवारी, जेवणं आटोपली की, करारनामा, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बाहेर काढायला सांगा. भांडायला नव्हे, वाचायला! नाव नसेल तर मार्ग आहे. राहतं घर किंवा त्यातला हिस्सा नवरा बक्षीसपत्राने बायकोला देऊ शकतो. महाराष्ट्रात त्यावर मुद्रांक शुल्क नाममात्र असतं. मात्र काही शहरांत वर अधिभार पडतो, तो आधी विचारून घ्या. बक्षीसपत्राची नोंदणी झालीच पाहिजे. घरी स्टँपपेपरवर लिहून ठेवलेलं चालत नाही. कर्ज फिटलेलं नसेल तर आधी बँकेची लेखी संमती घ्या, आणि नोंदणीनंतर सोसायटीच्या दप्तरातही नाव लावून घ्या.