ऑगस्टमध्ये प्रत्येक संघ अजिंक्य असतो

अमेरिकेच्या मध्यभागी पसरलेल्या नेब्रास्का राज्यात ऑगस्ट हा आशेचा महिना. शेतांत मका पुरुषभर उंच वाढलेला असतो, विद्यापीठाची वसतिगृहे पुन्हा गजबजू लागतात आणि लिंकन या राजधानीच्या शहरात विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा सराव सुरू होतो. अजून एकही सामना झालेला नसतो. विजयांच्या रकान्यात शून्य आणि पराभवांच्या रकान्यातही शून्य. या दोन शून्यांच्या पायावर सुमारे वीस लाख वस्तीचे हे राज्य दरवर्षी आशेचे जे इमले उभारते, त्यांचा उलगडा केवळ खेळाच्या नियमांतून होत नाही. त्यासाठी या राज्याचा स्वभाव, त्याचा भूतकाळ आणि गेल्या काही वर्षांत पैशाने पालटलेली महाविद्यालयीन क्रीडासृष्टी या तिन्ही गोष्टी समजून घ्याव्या लागतात.

येथे फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा, पायाने चेंडू ढकलत खेळायचा खेळ नव्हे. शंभर यार्ड लांबीच्या मैदानावर अकरा-अकरा खेळाडूंनी लंबगोल चेंडू हातात घेऊन वा फेकून पुढे न्यायचा, चार प्रयत्नांत किमान दहा यार्डांची मजल मारायची आणि अखेरीस प्रतिस्पर्ध्याची शेवटची रेषा ओलांडायची, असे या अमेरिकन फुटबॉलचे ढोबळ स्वरूप. या खेळाची व्यावसायिक साखळी जगभर ठाऊक आहे; मात्र अमेरिकेच्या कित्येक भागांत लोकांचा खरा जीव जडलेला असतो तो विद्यापीठांच्या संघांवर. शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला पहिल्याच शरद ऋतूत याचा प्रत्यय येतो. एरवी निवांत असलेले विद्यापीठाचे गाव शनिवारी सकाळपासून एकाच रंगाच्या कपड्यांनी भरून जाते. आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्याला मित्रमंडळी जमली तरी पुष्कळ झाले, असे मानण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ते दृश्य सहजी पचत नाही.

विद्यापीठाचा संघ, राज्याची ओळख

नेब्रास्कात हे वेड अधिकच गडद आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. या राज्यात मोठ्या व्यावसायिक साखळीतील एकही संघ नाही. ना फुटबॉलचा, ना बास्केटबॉलचा, ना बेसबॉलचा. न्यूयॉर्क किंवा शिकागोच्या रहिवाशाची निष्ठा चार-पाच संघांत वाटली जाते; नेब्रास्कातील शेतकरी, शिक्षक, दुकानदार आणि डॉक्टर यांची निष्ठा एकाच ठिकाणी एकवटते. संघाचे नाव ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसे सोलणारे. शेतीप्रधान राज्याने आपली ओळख लपवली नाही, उलट ती अभिमानाने लाल सदऱ्यावर मिरवली.

१९२३ साली खुल्या झालेल्या मेमोरियल स्टेडियममध्ये १९६२च्या नोव्हेंबरपासून झालेल्या घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटे संपली आहेत. सलग चारशेहून अधिक सामने! सामन्याच्या दिवशी या मैदानात जमणारी गर्दी ओमाहा आणि लिंकन ही दोन शहरे वगळता राज्यातील कोणत्याही शहराच्या लोकसंख्येपेक्षा मोठी असते. संघ जिंको वा हरो, माणसे येतातच. म्हणूनच येथील ‘मोसमपूर्व आशा’ हा क्रीडा पानाच्या कोपऱ्यातील विषय नसून सार्वजनिक जीवनाचा भाग आहे.

सुवर्णकाळाचे ओझे

आशेला भूतकाळाचे खत लागते. नेब्रास्काकडे ते भरपूर आहे. बॉब डिव्हेनी यांच्या प्रशिक्षणाखाली १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे संघाने मिळवली. त्यांच्यानंतर १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षे टॉम ऑसबोर्न यांनी धुरा वाहिली. २५५ विजय, ४९ पराभव आणि ३ बरोबरी हा त्यांचा ताळेबंद. या पंचवीसपैकी एकाही मोसमात संघाचे विजय नऊपेक्षा कमी झाले नाहीत. १९९४, १९९५ आणि १९९७ अशी तीन राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांच्या नावावर आहेत.

तथापि ऑसबोर्न यांच्याविषयीचा आदर केवळ विजयांतून आलेला नाही. २ जानेवारी १९८४ रोजी मायामी विद्यापीठाविरुद्ध ऑरेंज बोलचा निर्णायक सामना होता. अखेरच्या मिनिटात नेब्रास्का ३०-३१ असा एका गुणाने मागे. साधी किक मारली असती तर सामना बरोबरीत सुटला असता आणि तोवर अपराजित असलेल्या संघाला मतदानाने अजिंक्यपद मिळण्याची दाट शक्यता होती. ऑसबोर्न यांनी बरोबरी नाकारली. दोन गुणांचा अवघड प्रयत्न केला. तो फसला, सामना गेला आणि अजिंक्यपदही गेले. आज चार दशकांनंतरही नेब्रास्कातील जाणती माणसे या पराभवाविषयी खंत कमी आणि अभिमान अधिक बाळगून असतात.

परंतु सुवर्णकाळाला दुसरी बाजूही असते. तो पुढच्या पिढ्यांच्या मानगुटीवर बसतो. ऑसबोर्न यांचे उत्तराधिकारी फ्रँक सोलिच यांना २००३मध्ये नऊ विजय मिळवूनही पायउतार व्हावे लागले. लगेचच्या २००४च्या मोसमात संघाचे पराभव विजयांहून अधिक झाले. असे १९६१नंतर प्रथमच घडत होते. पुढे बो पेलिनी यांनी २००८ ते २०१४ या काळात दरवर्षी किमान नऊ सामने जिंकले. त्यांनाही निरोप मिळाला. नऊ विजय ही ज्या संघाची किमान अपेक्षा होती, त्याला २०१६नंतर २०२५पर्यंतच्या एकाही मोसमात नऊचा आकडा गाठता आला नाही. हातचे सोडून पळत्याच्या पाठीस लागणे म्हणजे काय, हे या घटनाक्रमावरून समजते.

आशेचा हिशेब

मोसमापूर्वी चाहता नेमका कशाच्या आधारावर आशा बाळगतो? वरवर पाहता ही भावनेची बाब वाटते; प्रत्यक्षात तिला चांगलाच हिशेबी पाया असतो. पहिला आधार म्हणजे परतणारे खेळाडू. महाविद्यालयीन खेळाडूला साधारणपणे चारच मोसम खेळता येते. त्यामुळे दरवर्षी संघाचा एक हिस्सा पदवी घेऊन बाहेर पडतो. अनुभवी खेळाडू किती उरले, हा म्हणूनच पहिला प्रश्न. दुसरा आधार नव्या भरतीचा. शालेय खेळाडूंना तज्ज्ञ मंडळी पाचपर्यंत ‘तारे’ देतात आणि चाहते ते तारे सोन्याच्या वजनाने मोजतात. तिसरा आधार वेळापत्रकाचा. नियमित मोसमात अवघे बारा सामने. त्यांतील किती घरच्या मैदानावर, किती तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी, यावरून बोटे मोडत विजयांचा अंदाज बांधला जातो.

चौथा आधार सर्वांत मोहक आणि सर्वांत फसवा. तो आहे ‘थोडक्यात हुकलेल्या’ सामन्यांचा. संख्याशास्त्र सांगते की अटीतटीच्या सामन्यांत नशिबाचा वाटा मोठा असतो आणि एका वर्षाचे दुर्दैव दुसऱ्या वर्षी सहसा टिकत नाही. २०२१मध्ये नेब्रास्काने बारापैकी नऊ सामने गमावले. पण नऊच्या नऊ पराभवांतील अंतर दहा गुणांपेक्षा कमी होते. मोसमभराची बेरीज केली तर संघाने दिलेल्या गुणांपेक्षा मिळवलेले गुण अधिक होते! साहजिकच पुढच्या वर्षी पारडे फिरणार, असा हिशेब मांडला गेला. २०२२मध्ये काय झाले? चार विजय, आठ पराभव. पहिले पाढे पंचावन्न.

त्या काळातील प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांची कहाणी तर या आशेचे मूर्तिमंत रूप आहे. नेब्रास्काच्याच मातीतले, १९९७च्या अजिंक्य संघाचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचे सूत्रधार. २०१७मध्ये त्यांनी सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या संघाला अपराजित ठेवले होते. घरचा मुलगा घर सावरायला आला, ही भावना इतकी प्रबळ होती की २०१८च्या वसंतातील सरावसामन्याला, म्हणजे संघ स्वतःशीच खेळत असताना, ऐंशी हजारांवर प्रेक्षक लोटले. त्या मोसमातील पहिले सहाही सामने संघ हरला. तरीही २०१९च्या मोसमापूर्वी राष्ट्रीय क्रमवारीत त्याला २४वे स्थान देण्यात आले. म्हणजे आशेची लागण केवळ चाहत्यांना होते असे नाही, मतदार पत्रकारही तिच्यातून सुटत नाहीत. तो मोसमही पाच विजय आणि सात पराभवांवर संपला. सप्टेंबर २०२२मध्ये फ्रॉस्ट यांना पदमुक्त करण्यात आले.

२०२३पासून सूत्रे मॅट रूल यांच्याकडे आली. त्या पहिल्या वर्षी आठ सामन्यांअखेर पाच विजय हाती होते. मोसमोत्तर ‘बोल’ सामन्यासाठी पात्र ठरायला सहा विजय लागतात. उरलेल्या चारांपैकी एक जिंकला की काम फत्ते. चारही सामने संघाने गमावले आणि त्यांतला एकही सात गुणांहून अधिक फरकाने नव्हे. २०२४मध्ये मात्र ही कोंडी फुटली. सात विजयांसह संघ आठ वर्षांनी बोल सामना खेळला आणि बोस्टन कॉलेजवर २०-१५ अशी मातही केली. २०२५मध्येही गाडी सात विजयांवरच थांबली आणि बोल सामन्यात युटाने संघाला ४४-२२ असे नमवले.

पैशाने पालटलेले गणित

आजवर ही आशा एका अलिखित करारावर उभी होती. मुलगा अठराव्या वर्षी येईल, दोन वर्षे शिकेल, उरलेली वर्षे गाजवेल आणि राज्याचा होऊन राहील. हा करार आता उरलेला नाही. खेळाडूंना आपल्या नावाचा आणि प्रसिद्धीचा मोबदला घेण्याची मुभा जुलै २०२१मध्ये मिळाली. त्याच वर्षी एक मोसम बाहेर न बसता दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची वाटही खुली झाली. २०२५-२६पासून तर न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठे स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली; प्रत्येक विद्यापीठासाठी त्या वर्षीची मर्यादा होती सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. ज्यांच्या घामावर कोट्यवधींची उलाढाल होत होती, त्या खेळाडूंना त्यातील वाटा मिळणे न्याय्यच आहे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे.

पण चाहत्याच्या बाजूने पाहिले तर आशेची मुदत आखडली आहे. डिलन रायोला या क्वार्टरबॅकचे उदाहरण बोलके आहे. त्याचे वडील नेब्रास्काकडून खेळलेले. मुलाने बलाढ्य जॉर्जियाला नकार देऊन वडिलांचे विद्यापीठ निवडले, तेव्हा राज्यात दिवाळी साजरी व्हावी तसा आनंद झाला. पहिल्याच वर्षी तो सर्व सामने खेळला. दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर २०२५मध्ये, पायाच्या दुखापतीने त्याचा मोसम संपला आणि नंतर त्याने ऑरेगनचा रस्ता धरला. ज्याच्याभोवती चार वर्षांची स्वप्ने विणली होती, तो दोन वर्षांत दुसऱ्या रंगाचा सदरा घालून उभा राहिला.

मौज अशी की याच बदलांनी आशेला नवे इंधनही पुरवले. पूर्वी अजिंक्यपदाचा निर्णय मतदानावर, नंतर दोन आणि पुढे चार संघांच्या लढतीवर ठरे. २०२४पासून बारा संघांना संधी मिळू लागली. एक-दोन पराभवांनी सारे संपत नाही. आणि इंडियाना विद्यापीठाने तर चमत्कारच केला. पराभवांच्या संख्येत दीर्घकाळ देशात अग्रस्थानी राहिलेला हा संघ कर्ट सिग्नेटी हे प्रशिक्षक आल्यानंतर दुसऱ्याच मोसमात, २०२५मध्ये, सलग सोळा सामने जिंकून राष्ट्रीय विजेता झाला. इंडियाना आणि नेब्रास्का एकाच ‘बिग टेन’ गटात खेळतात. ‘त्यांना जमले, मग आपल्याला का नाही?’ हा प्रश्न नेब्रास्कातील कोणत्याही चाहत्याला पडणे स्वाभाविक आहे आणि त्याला सरळ नकारार्थी उत्तर देता येत नाही.

आशा का टिकते?

मृगाची चाहूल लागली की आपला शेतकरी आभाळाकडे पाहतो. गेल्या वर्षीचा दुष्काळ तो विसरलेला नसतो. तरीही पेरणी करतोच, कारण न पेरणे हा पर्यायच त्याच्यापुढे नसतो. नेब्रास्काही शेतकऱ्यांचेच राज्य आहे. तेथील चाहत्याची आशा भाबडी वाटली तरी आंधळी नाही. त्याला पराभवांचे आकडे विजयांपेक्षा अधिक पाठ असतात. तरीही तो ऑगस्टमध्ये वेळापत्रक समोर ठेवून बोटे मोजतो, कारण वर्षातील सात शनिवार शेजाऱ्यापाजाऱ्यांसह एकाच बाकावर बसण्याचे ते निमित्त आहे. शेतावरून गाव सोडून गेलेली मुले त्या दिवशी परततात, आजोबांच्या नावावरचे तिकीट नातवाच्या हाती येते. संघाची खरी मालमत्ता ती हीच.

या मैदानाच्या भिंतीवर कोरलेल्या वचनांचा आशय असा, की मोल विजयाचे नसून कृतीचे आहे. सामना संपल्यावर प्रतिस्पर्धी संघ बाहेर पडताना त्यालाही टाळ्या देण्याची येथील प्रेक्षकांची जुनी रीत आहे, मग निकाल काहीही लागो. खेळाडू बदलतील, पैसा वाढेल, प्रशिक्षक येतील आणि जातील. टाळ्या देणारे हात जोवर जागेवर आहेत, तोवर ऑगस्टमधील त्या दोन शून्यांचा अर्थ नेब्रास्कात एकच राहील: यंदा काहीही घडू शकते.