गाडी टायर का ‘खाते’? जुन्या गाडीच्या व्हील अलाइनमेंटचं गणित नीट समजून घ्या

टायरच्या दुकानात जवळपास रोज घडणारा एक प्रसंग. गिऱ्हाईक म्हणतं, “अहो, वर्षभरापूर्वीच नवे टायर टाकलेत. बघा की, नक्षी अजून शाबूत आहे.” दुकानदार वाद घालत नाही. तो स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवायला सांगतो आणि चाकाची आतली कड दाखवतो. तिथलं रबर संपलेलं असतं, तारा डोकावायला लागलेल्या असतात.

बाहेरून नवा, आतून गोटा. मेकॅनिकच्या भाषेत, गाडी टायर ‘खायला’ लागली.

दहा-बारा वर्षं वापरलेली वॅगन आर असो, स्विफ्ट असो की इंडिका, हा त्रास कधी ना कधी होतोच. मग लोक अलाइनमेंट करून घेतात, तरी चार-पाच हजार किलोमीटरनंतर परत तेच. पैसे जातात ते जातातच, पण खरी भीती वेगळी आहे. आतल्या कडेला तारा दिसणारा टायर घेऊन तुम्ही १२० च्या वेगमर्यादेच्या समृद्धी महामार्गावर जात असाल, तर पंक्चरवर भागेल याची काही खात्री नाही.

त्यामुळे ही भानगड मुळातून समजून घेऊ.

अलाइनमेंट म्हणजे नक्की काय?

गाडीची चारही चाकं सरळ उभी आणि सरळ पुढे बघणारी दिसतात. प्रत्यक्षात ती कंपनीनं ठरवून दिलेल्या बारीक कोनांत बसवलेली असतात. महत्त्वाचे कोन तीन.

पहिला टो. गाडीकडे वरून पाहिलं तर पुढच्या दोन चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली आहेत की एकमेकांपासून लांब, हे टो सांगतो. तोंडं आत असतील तर टो-इन, बाहेर असतील तर टो-आऊट.

दुसरा कॅम्बर. गाडीकडे समोरून पाहिलं तर चाकाचा वरचा भाग आत झुकलाय की बाहेर, हे कॅम्बर सांगतो.

तिसरा कॅस्टर. चाक ज्या अक्षाभोवती वळतं, तो अक्ष बाजूनं पाहिल्यावर किती मागे कललेला आहे, ते कॅस्टर. वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं, त्यात याचा मोठा वाटा असतो. कॅस्टर बिघडला तर गाडी एका बाजूला ओढते, पण टायर सहसा त्याच्यामुळे खाल्ले जात नाहीत.

टायर खाण्यात सगळ्यात पुढे असतो टो.

तीन मिलिमीटरनं एवढा काय फरक पडतो?

हिशोब करून बघा. १४ इंची रिम म्हणजे सुमारे ३५५ मिलिमीटर. समजा, एक चाक असं वळलंय की रिमची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त ३ मिलिमीटर बाहेर आहे. डोळ्यांना हे दिसणारही नाही. पण गाडी सरळ चाललीय आणि चाकाला मात्र थोडं तिरकं जायचंय. म्हणजे दर किलोमीटरला ते चाक सुमारे ८ मीटर आडवं ओढलं जातं. १० हजार किलोमीटरला हे अंतर ८० किलोमीटरच्या पुढे जातं.

रबर लवचिक असल्यामुळे यातलं थोडं अंतर ते दबून-वाकून सहन करतं. पण उरलेलं घासण्यातच जातं. खडबडीत डांबरावर खोडरबर घासावं, तसं.

टायर स्वतःच सांगतो, दुखणं कुठंय

डॉक्टर जीभ बघतो, तसा चांगला मेकॅनिक आधी टायर बघतो. झीज कुठं झालीय त्यावरून बराच अंदाज येतो.

- दोन्ही कडा झिजल्या, मधला भाग ठीक: हवा कमी ठेवली जातेय.
- फक्त मधला पट्टा झिजला: हवा जास्त भरली जातेय.
- फक्त आतली कड झिजली: टो-आऊट किंवा चाकाचा वरचा भाग आत झुकलेला.
- फक्त बाहेरची कड झिजली: टो-इन जास्त किंवा चाकाचा वरचा भाग बाहेर झुकलेला.
- टायरवर आडवा हात फिरवला तर एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं करवतीसारखं लागतं: टो बिघडलाय.
- ठिकठिकाणी वाटीसारखे खोलगट भाग: शॉकअप गेलेत किंवा बॅलन्सिंग बिघडलंय.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींचा अलाइनमेंटशी संबंधच नाही. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर हवेचा आकडा दिलेला असतो. टायर थंड असताना तेवढी हवा भरली की काम झालं. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा कमी ठेवा, असं सांगणारे बरेच भेटतात. त्यांचं ऐकू नका. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, आणि फुटण्याचा धोका उलट वाढतो.

मग जुन्या गाडीतच हे जास्त का होतं?

कारण चाकांचे कोन ज्या सुट्या भागांनी धरून ठेवलेले असतात, तेच म्हातारे झालेले असतात.

लोअर आर्मला रबरी बुश असतात. ऊन, तेल आणि खड्डे खाऊन हे रबर कडक होतं, फाटतं. टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट यांच्यात ढिलेपणा येतो, ज्याला मेकॅनिक ‘प्ले’ म्हणतात. वर्षानुवर्षं वजन पेलून स्प्रिंग थोड्या बसतात, गाडीची उंची कमी होते आणि त्याबरोबर टो आणि कॅम्बर दोन्ही सरकतात.

वारंवार अलाइनमेंट करूनही फरक का पडत नाही, त्याचं उत्तर इथंच आहे. मशीनवर गाडी स्थिर उभी असते. तिथं टो बरोबर लावला, स्क्रीनवर सगळे आकडे हिरवे झाले. पण रस्त्यावर ब्रेक दाबला, खड्डा लागला की फाटलेला बुश चाकाला हलू देतो आणि कोन बदलतो. मोडक्या पायाच्या टेबलावर गोळाफळी लावून काय उपयोग? आधी पाय दुरुस्त करायला हवा.

म्हणून जुन्या गाडीचा क्रम असा: आधी जॅकवर उचलून चाक हलवून प्ले तपासायचा, खराब बुश आणि जॉइंट बदलायचे, हवा सारखी करायची आणि सगळ्यात शेवटी अलाइनमेंट.

मशीनवर काय दुरुस्त होतं, काय नाही?

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा टो सहज बदलता येतो. टाय रॉडचा लॉक नट सैल करून रॉड फिरवला की झालं. कॅम्बर मात्र अनेक गाड्यांत थेट बदलता येत नाही. त्यासाठी वेगळे कॅम्बर बोल्ट लावावे लागतात. आणि कॅम्बर बिघडलाच असेल, तर आधी काय वाकलंय हे शोधणं जास्त शहाणपणाचं.

मागच्या चाकांची गोष्ट आणखी वेगळी. बहुतेक हॅचबॅक गाड्यांत मागे एकच अखंड बीम असतो. मोठ्या खड्ड्यात आदळून तो वाकला, तर नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये त्याला हात लावायला काही नसतं. अशी गाडी रस्त्यावर थोडी तिरकी चालते आणि सरळ जातानाही स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. म्हणून चारही चाकांना सेन्सर लावूनच मोजणी करायला सांगा.

अजून दोन गोष्टी मागून घ्या. मशीनमध्ये तुमच्या गाडीचं मॉडेल आणि वर्ष बरोबर निवडलंय का ते बघा, कारण प्रत्येक मॉडेलचे आकडे वेगळे असतात. आणि कामाच्या आधीचे व नंतरचे आकडे असलेला छापील कागद घ्या. पुढच्या वेळी त्याच्याशी तुलना करता येते. थोड्याच दिवसांत आकडे परत घसरले असतील, तर काहीतरी ढिलं आहे, हे नक्की.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग एकच का?

नाही. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं. त्यासाठी रिमला छोटी वजनं लावतात. ठरावीक वेगाला, समजा ८० च्या आसपास, स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा टायरची एकच कड झिजत असेल, तर अलाइनमेंट.

गाडी ओढते का, हे तपासताना एक लक्षात ठेवा. पाणी वाहून जावं म्हणून आपल्या रस्त्यांना कडेच्या बाजूला उतार असतो. आपण डावीकडून चालवतो, म्हणून चांगली गाडीही हात सोडल्यावर किंचित डावीकडे सरकते. तपासणी सपाट, मोकळ्या जागेत करा. शंका असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा, फक्त ते एकाच दिशेनं फिरणारे, बाण असलेले टायर नसावेत. ओढ डावीकडची उजवीकडे गेली, तर दोष टायरमध्येच आहे.

घरच्या घरी महिन्यातून एकदा

स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि पुढच्या टायरची आतली कड बघा. मागच्या चाकांसाठी मोबाईलचा टॉर्च लावून वाका. नक्षीच्या खाचांमध्ये छोटे उंचवटे असतात. ते १.६ मिलिमीटर उंचीचे असतात आणि आपल्या नियमानुसार कारच्या टायरची किमान खोलीही तेवढीच आहे. टायरचा पृष्ठभाग त्या उंचवट्यांना एका जागी जरी टेकला, तरी टायर बदलायचा.

टायरचं वयही बघा. बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला. कमी चालणाऱ्या जुन्या गाड्यांत नक्षी भरपूर असते, पण रबरावर बारीक भेगा पडलेल्या असतात. असा टायरही कामाचा नाही.

साधारण ५ ते १० हजार किलोमीटरला टायरची अदलाबदल आणि अलाइनमेंटची तपासणी करा. मोठा खड्डा किंवा फूटपाथ जोरात लागला, तर वाट बघू नका.

आणि दोनच टायर घ्यायचं बजेट असेल तर? बरेच जण नवे पुढे टाकतात. टायर कंपन्यांचा सल्ला मात्र नवे मागे टाकण्याचा आहे. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर वेग कमी करून गाडी बऱ्याचदा सावरता येते, मागची घसरली की ती गरकन फिरते आणि मग फार काही हातात राहत नाही.

अलाइनमेंटला काही शे रुपये लागतात, टायरच्या जोडीला हजारो. पावसाळा सुरू व्हायच्या आत एकदा वाकून आतली कड बघून घ्या.